एका खुणेवर दोन कामं

मिररिंगचा कोड माझ्याकडे आला, कारण तो दुसऱ्या कुणालाच नको होता. शिक्रापूरला हायवेला लागून, ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. सहा माणसं, दोन पंखे आणि खालून जाणाऱ्या ट्रेलरांनी दिवसभर थरथरणारी एक खिडकी. आम्ही कॅमेऱ्यांची चित्रं साठवणारा एक डबा बनवायचो. पत्र्याचा, बुटांच्या खोक्याएवढा, आत एक छोटा बोर्ड आणि दोन हार्ड डिस्क. जे लिहायचं ते दोन्ही डिस्कवर सारखंच लिहायचं, म्हणजे एक मेली तरी दुसरीवर सगळं शाबूत. यालाच मिररिंग म्हणतात, आणि हे काम ऑपरेटिंग सिस्टीमच्या अगदी पोटातला भाग, म्हणजे कर्नल, करतो. तो कर्नल आमचा नव्हता. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेली एक छोटी, सगळ्यांना खुली असलेली सिस्टीम आम्ही वापरत होतो. तिच्यातला मिररिंगचा भाग सांभाळणारा आमचा सहकारी नोकरी सोडून बेंगळुरूला गेला, तेव्हा आमचे सर, म्हणजे ऑफिसचे मालक, माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "आता हे तू बघ. चालू आहे, फक्त हात लावू नको."

मी दौंडची. वडील रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते, लहानपण क्वार्टरमध्ये गेलं. सिग्नलचा बंद पडलेला रिले, म्हणजे विजेचा आपोआप चालणारा खटका, घरी आणून ते जेवणाच्या ताटाशेजारी उघडून बसायचे आणि आई ओरडायची. हात लावू नको म्हटलेल्या वस्तूला पहिल्यांदा हात लावायचा, हे वळण मला तिथंच पडलं.

मी तो कोड वाचायला घेतला आणि पहिल्या आठवड्यातच त्याच्या प्रेमात पडले. किती कमी गोष्टींवर सगळा डोलारा उभा होता! एका स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे कोडमधल्या नोंदींच्या चौकटीत, अख्खी जोडी बसवलेली: डिस्क किती, कोणती चालू, कोणती पडलेली. लिहिण्याच्या प्रत्येक विनंतीसाठी आणखी एक छोटं स्ट्रक्चर, आणि त्यात एक आकडा: अजून किती डिस्ककडून 'झालं' असं उत्तर यायचंय. दोनाचा एक, एकाचा शून्य. शून्य झाला की काम पूर्ण.

आणि मग तो नकाशा. डिस्कचे हजारो भाग पाडलेले आणि प्रत्येक भागाला एक बिट, म्हणजे फक्त हो किंवा नाही एवढीच एक खूण. एखाद्या भागात लिहायला घेण्याआधी त्याची खूण लावायची. दोन्ही डिस्कवर लिहून झालं की खूण पुसायची. मध्येच एक डिस्क गेली तर खूण पुसायची नाही. मग ती डिस्क परत आली की सगळीच्या सगळी नव्यानं उतरवत बसायचं नाही. ज्या भागांवर खूण राहिली तेवढेच भाग चांगल्या डिस्कवरून तिच्यावर उतरवायचे. अर्ध्या दिवसाचं काम मिनिटभरात! हे ज्या कुणाला सुचलं त्याला भेटून चहा पाजावा, असं मला वाटलं होतं.

आमचे पाचसहा डबे तेव्हा नदीकाठच्या गावांत लागले होते, बिबट्यांसाठी. आमच्याकडे उसात बिबट्या असणं ही आता बातमी राहिलेली नाही, पण मुलं शाळेला कुठल्या वाटेनं पाठवायची हा प्रश्न रोजचा आहे. वडगाव रासाईच्या ग्रामपंचायतीनं नदीकडच्या तीन बांधांवर कॅमेरे लावले होते. कॅमेरा दर सेकंदाला एक चित्र घ्यायचा. आठवड्यातल्या प्रत्येक सेकंदाला डिस्कवर एक ठरलेली जागा. सात दिवस झाले की नवं चित्र जुन्याच्या जागेवर बसायचं आणि जुनं पुसलं जायचं.

एका सकाळी तिथल्या सरपंच ताईंचा फोन आला. "मॅडम, एकतर तुमचा डबा येडा झालाय, न्हाईतर आमचं आबा."

आबा म्हणजे गावच्या उपसा सिंचनाच्या पंपावर हयात घालवलेले ऑपरेटर. रिटायर झाल्यावर त्यांनी स्वतः होऊन हे काम घेतलं होतं. उजाडायच्या आत ग्रामपंचायतीत येऊन स्क्रीनसमोर बसायचं, आणि बिबट्या दिसला की भोंगा वाजवायचा. भोंगा वाजला की बायका रानात जायच्या थांबत, आणि मुलं हमरस्त्यानं लांबून शाळेत जात. आठ दिवसांत आबांनी तीनदा भोंगा वाजवला होता. तिन्ही वेळा लोक धावत आले, आबांनी चित्र मागं नेऊन दाखवलं, आणि चित्रात नुसता बांध. आबा म्हणत होते, बिबट्याची मादी आणि दोन पिल्लं. लोकांना मात्र दिसत होतं गवत.

"आता भोंगा वाजला तर कुणी उठंना," ताई म्हणाल्या. "पोरं तर भोंग्याची नक्कल करून हसत्यात. पण आबा खोटं बोलणारा माणूस न्हाई हो. आन् खरंच मादी असली तर?"

मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "वय झालंय त्यांचं. पहाटे डोळ्यांवर झापड असते." मला ते पटलं नाही. का पटलं नाही, ते तेव्हा सांगता आलं नसतं. मी स्कूटर काढली आणि तळेगाव ढमढेरे मागं टाकून न्हावऱ्याच्या रस्त्यानं वडगावला गेले.

ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत आबा बसले होते. स्वच्छ पांढरी टोपी, नाकावर चष्मा, हातात बंद केलेली तंबाखूची डबी. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलंही नाही.

"तुमीबी हसायाच आलाय का?"

"नाही आबा. बघायला आले."

"कालचं पाच त्रेपन्न. लावा आन् बघा."

मी लावलं. मधला बांध, दोन्ही बाजूंना ऊस, दवानं वाकलेलं गवत. रिकामा. एकेक सेकंद पुढं नेलं. रिकामा. मी परत लावलं, परत तेच. मलाही क्षणभर सरांचं म्हणणं आठवलं आणि त्याची लाज वाटली. मग जरा वेळ मी दुसऱ्या कॅमेऱ्यांची चित्रं बघितली, दुपारची, संध्याकाळची. आबांना बरं वाटावं म्हणून म्हटलं, एकदा शेवटचं लावू. पाच त्रेपन्न.

आणि ती होती!

बांधाच्या बरोबर मधोमध. मान खाली, शेपूट जमिनीला समांतर, मागं दोन पिल्लं, त्यातलं एक मागं वळून बघणारं. मी खुर्चीतून उठलेच. "आबा! आहे! आहे की!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की बाहेर दाखल्यासाठी आलेली चारपाच माणसं आणि सरपंच ताई आत धावल्या. मी त्यांना दाखवायला चित्र पुन्हा लावलं.

रिकामा बांध.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. एकजण हळूच म्हणाला, "हिलाबी लागलं वाटतं." आणि आबा, आल्यापासून चेहऱ्यावर रेघही न हललेले आबा, एकदम खळखळून हसले. "आता कळलं का पोरी माझं दुखणं?"

कळलं होतं. आमच्या डब्यात वाचायचं असतं तेव्हा दोन्ही डिस्क वाचायची गरज नसते, कारण दोन्हींवर तेच असतं. जी डिस्क त्या क्षणाला मोकळी असेल तिच्याकडून कर्नल वाचतो. म्हणजे एका डिस्कवर बिबट्या होता आणि दुसरीवर नव्हता. आरशात समोरच्या माणसाऐवजी दुसरंच कुणी दिसावं, तसं.

मग मी त्या रिकाम्या चित्राच्या कोपऱ्याकडं बघितलं. तिथं बारीक आकड्यांत वेळ आणि तारीख असते. वेळ बरोबर होती, म्हणूनच इतके दिवस कुणाला शंका आली नव्हती. तारीख मात्र एकोणतीस दिवसांपूर्वीची होती. सात दिवसांनी पुसलं जाणारं चित्र एकोणतीस दिवसांचं! ते चित्र त्या डब्यात असायलाच नको होतं. मी ते ताईंना दाखवलं, त्यांनी चष्मा वर करून आकडे वाचले, आणि त्यांचा आवाजच बदलला. "म्हंजी आबा खरं बोलत हुतं."

"व्हय तर," आबा म्हणाले. "मी कवा खोटं बोललो?"

मी डब्याचा लॉग, म्हणजे घडामोडींची नोंद, उघडला. दुसरी डिस्क रोज सकाळी, त्याच सुमाराला, अर्ध्या मिनिटासाठी गायब होत होती आणि परत येत होती. तेवीस दिवसांपासून, म्हणून त्या जागेवर त्याच्याही आधीच्या फेरीचं चित्र उरलं होतं. ताईंना आठवलं, त्याच्या आदल्या दिवशी ग्रामपंचायतीचा इन्व्हर्टर बदलला होता. तेव्हा कुणीतरी डबा हलवला असणार. मी मागून हात घालून बघितलं तर त्या डिस्कची पॉवरची वायर सैल. पण मग रोज त्याच वेळेला का?

"त्यात काय अवघड हाय?" आबा म्हणाले. "पावणेसहाच्या म्होरं थ्री-फेज लाईट येती. नदीवरच्या समद्या पाण्याच्या मोटारी एकदम उचलत्यात. हितला दिवा बघा, तवा कसा मिचकतो."

दिवा मिचकायचा, इन्व्हर्टर दचकायचा, आणि सैल वायरीची डिस्क बंद पडून पुन्हा फिरायला लागायची. ते मी लिहून घेत होते तोवर आबा पुढं बोलले, आणि मी पेन खालीच ठेवलं.

"आन् त्या मोटारींचा गलका झाला की तीबी नदीवरनं उठती. पिल्लांना घेऊन उसात जाती. म्हणून तर मी त्या टायमाला डोळं फाडून बसतो."

दोन्हींचं कारण एकच होतं! मोटारी सुरू झाल्या म्हणून मादी बांध ओलांडत होती, आणि मोटारी सुरू झाल्या म्हणूनच ती डिस्क नेमकी तेव्हा झोपत होती. जगातल्या सगळ्या सेकंदांमधून आमचा डबा नेमके तेच सेकंद गमावत होता. हा योगायोग नव्हता. परत येताना मी स्कूटरवर एकटीच मोठमोठ्यानं बोलत होते.

वायर मी तिथंच घट्ट केली होती. पण वायर हा काही माझ्यासाठी शेवट नव्हता. डिस्क पडणं हे तर गृहीतच आहे. डिस्क पडतात म्हणून तर मिररिंग असतं. ती परत आल्यावर राहिलेले भाग तिच्यावर उतरवायला हवे होते. खुणांचा नकाशा त्यासाठीच होता. मग ते तीस सेकंद का उतरले नाहीत?

सरांना घटना सांगितल्यावर ते खूश झाले, पण वेगळ्याच कारणानं. "सोपं आहे. वाचताना फक्त पहिल्या डिस्कवरून वाचायचं. एक ओळ बदल आणि सगळ्यांना पाठवून दे. तक्रार संपली."

"सर, तक्रार संपेल, पण दुसरी डिस्क खोटीच राहील. उद्या पहिली मेली तर आपल्या हातात खोटी डिस्क उरणार. मग दोन डिस्क कशाला विकतो आपण?"

खिडकी थरथरली. "शुक्रवारपर्यंत," ते म्हणाले. "त्यानंतर ती एक ओळ."

तो सोमवार होता.

मंगळवार मी टेबलावर डबा उघडून बसले. कॅमेऱ्याऐवजी संगणकावरून चित्रं लिहायची, दुसऱ्या डिस्कची वायर उपटायची, अर्ध्या मिनिटानं लावायची आणि दोन्ही डिस्क बिट-बिट करून ताडून बघायच्या. सारख्या! पुन्हा केलं. सारख्या. दिवसभरात कितीदा वायर उपटली ते मोजलं नाही, पण बोटांना खाचा पडल्या. प्रत्येक वेळी नकाशानं चोख काम केलं. बुधवारी दुपारपर्यंत तेच. आमच्या ऑफिसात टेस्टिंग करणाऱ्या बाई जेवणाचा डबा खात खात म्हणाल्या, "अगं, गावातल्या डब्याचं पाणीच वेगळं असेल."

वेगळं काय होतं? मी वहीत दोन रकाने पाडले, गाव आणि टेबल. बोर्ड तोच, डिस्क त्याच, कोड तोच. आणि मग माझ्या लक्षात आलं की वायर परत लावण्याआधी मी लिहिणं थांबवत होते. स्वच्छ प्रयोग करायचा म्हणून, डिस्क नीट उठू दे म्हणून. मी सभ्यपणानं थांबत होते. गावातला कॅमेरा कुणासाठी थांबतो? तो दर सेकंदाला चित्र फेकतच असतो.

मी लिहिणं चालू ठेवलं आणि वायर उपटली. तीस मोजले. लावली. ताडून बघितलं.

फरक!

अख्खे तीस सेकंद, वडगावसारखेच. मी टेबलावर हात आपटला, टेस्टिंगवाल्या बाईंची चटणी सांडली आणि त्या माझ्यावर न रागावता धावत माझ्या स्क्रीनपाशी आल्या. त्यानंतर कोड वाचायला दोन तास पुरले, कारण आता कुठं बघायचं ते माहीत होतं.

झालं होतं ते असं. डिस्क गेलेली असताना एका भागात पहिल्या डिस्कवर लिहिलं गेलं आणि त्या भागावर खूण राहिली. बरोबर. डिस्क परत आली आणि कर्नलनं जोडीच्या स्ट्रक्चरमध्ये ती 'चालू' अशी नोंदवली. तेही बरोबर. आता उतरवण्याचं काम सुरू व्हायला काही क्षण जातात. तेवढ्यात कॅमेऱ्याचं पुढचं चित्र आलं, त्याच भागात, कारण एका भागात कित्येक मिनिटांची चित्रं मावतात. ते दोन्ही डिस्कवर नीट लिहिलं गेलं. आकडा दोनाचा एक, एकाचा शून्य. मग कोडनं विचारलं, दोन्ही डिस्क चालू आहेत ना? हो. या भागातलं लिहिणं संपलं ना? हो. मग पूस खूण. आणि खूण पुसली! उतरवणारा आला, त्यानं नकाशा बघितला, या भागाला खूण नाही म्हणून पुढं निघून गेला. मधले तीस सेकंद तसेच राहिले, जुन्या चित्रांसकट, आणि आता ते राहिलेत हे सांगणारं कुणीच उरलं नाही.

कुणी चुकलं नव्हतं. प्रत्येक ओळ आपापल्या जागी शहाणी होती. चूक ओळीत नव्हतीच, ती स्ट्रक्चरमध्ये होती. एकाच खुणेला दोन कामं दिली होती. 'इथं आत्ता लिहिणं चालू आहे' हेही तीच खूण सांगत होती आणि 'इथलं अजून उतरवायचं राहिलंय' हेही तीच. पहिलं काम संपलं की दुसऱ्याची आठवणही जात होती.

उपाय सुचला तेव्हा मी हसायलाच लागले, इतका तो लहान होता. प्रत्येक भागाच्या नोंदीत आणखी एक बिट. एकच. त्याचा अर्थ: उतरवायचं राहिलंय. लिहिणाऱ्यानं त्याला पुसायचं नाही, कितीही वेळा लिहून झालं तरी. पुसायचा हक्क फक्त उतरवणाऱ्याला, आणि तोही काम पूर्ण झाल्यावर. आणि ते बिट शिल्लक असेपर्यंत त्या भागाचं वाचन परत आलेल्या डिस्कवरून करायचं नाही. बुधवारी संध्याकाळी मी तो बदल लिहिला. गुरुवारी दिवसभर बाई आणि मी आळीपाळीनं वायर उपटत होतो. दोघींच्या बोटांना पट्ट्या. एकदाही फरक नाही. सरांनी शेवटच्या दहा वेळा स्वतः उपटली, दहाही वेळा ताडून बघितलं आणि म्हणाले, "ती एक ओळ मी मागं घेतो." त्यांच्या तोंडून माफीच्या एवढं जवळ जाणारं वाक्य मी आधी ऐकलं नव्हतं.

शुक्रवारी मी वडगावला. नवा कोड चढवला आणि पहिल्या डिस्कवरून दुसरी सगळी नव्यानं उतरवायला लावली. ते काम संपेपर्यंत आबा आणि मी खोलीबाहेरच्या कट्ट्यावर बसलो. त्यांनी विचारलं, नेमकं काय मोडलं होतं? मला वाटलं, वरवर सांगून वेळ मारून न्यावी. पण ज्या गोष्टीमुळं लोकांनी त्यांच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवला तिचं खरं कारण कळायचा हक्क त्यांचाच पहिला होता. म्हणून मी खडूनं फरशीवर चौकोन काढले आणि सगळं सांगितलं. एक खूण, दोन कामं.

आबांनी एका चौकोनावर बोट ठेवलं. "आमच्या पाण्याच्या पाळीतबी असंच हुतं की. पाइपाचा चेंबर खोलला की झाकणावर दगड ठेवायचा, म्हंजी हितनं पाणी चालू हाय. पण लाईट गेली आन् मागलं रान कोरडं ऱ्हायलं, तर दगडासंगं लिंबाची डहाळी खोचायची. दुसऱ्या पाळीचा माणूस येऊन दगड उचलंल, पण डहाळीला हात लावायचा न्हाई. ती काढायची फक्त ज्यानं ते रान भिजवलं त्यानं."

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कोण शिकवतंय? एकदा डहाळी नव्हती तवा एकाचं वांगं वाळलं. त्यानं मला शिकवलं." ते हसले.

तीन दिवस मी ज्यासाठी डोकं फोडत होते ते या माणसाच्या रोजच्या कामात कधीचं मुरलेलं होतं.

शनिवारी मी दौंडला घरी जायचे, पण त्या शनिवारी आईला फोन करून उशीर होईल म्हटलं आणि उजाडताना वडगावात हजर झाले. ताई आल्या होत्या, शाळेचे गुरुजी, आणि हसणाऱ्यांतले बरेच. खोलीत उभं राहायला जागा नव्हती. मी मुद्दाम वायर पुन्हा सैल करून ठेवली होती. ताईंची परवानगी घेऊन. पावणेसहा होऊन गेले. लांबून नदीवरच्या मोटारींचा घोंघाट सुरू झाला. दिवा मिचकला. डब्यावरचा दुसऱ्या डिस्कचा हिरवा दिवा गेला.

"आली," आबा हळूच म्हणाले.

स्क्रीनवर ती बांध चढत होती. या वेळी आधी पिल्लं पुढं धावली आणि ती मागं थांबून नदीकडं बघत राहिली. ती उसात शिरली, अर्ध्या मिनिटानं गेलेला हिरवा दिवा परत लागला आणि मी चित्र मागं नेलं. आहे. पुन्हा. आहे. मग पहिली डिस्क बाजूला काढली आणि फक्त दुसरीवरून लावलं, जी त्या वेळी झोपली होती तिच्यावरून. आणि तिच्यावरही ती होती, मादी आणि दोन पिल्लं, तारीख आजची.

खोलीत एकच ओरडा झाला. कुणीतरी आबांना उचलायलाच गेलं. आबा म्हणाले, "आरं सोडा, टोपी पडंल," आणि भोंग्याच्या बटणाकडं गेले. त्या सकाळी भोंगा वाजला तेव्हा नक्कल करायला कुणी नव्हतं. गुरुजींनी तिथूनच फोन केले आणि शाळेची मुलं हमरस्त्यानं आली. पुढच्या आठवड्यात ताईंनी सगळी चित्रं वनखात्याच्या लोकांना दाखवली. वेळ आणि वाट दोन्ही पक्क्या कळल्यामुळं त्यांना काम सोपं गेलं. मधल्या बांधाची वाट मुलांसाठी बंद झाली आणि ग्रामपंचायतीनं शाळेसाठी सकाळची एक गाडी सुरू केली. पिल्लं मोठी होऊन नदीपल्याड, आमच्या दौंड तालुक्याच्या बाजूला गेली असावीत, असं आबा म्हणत. त्या वाटेवर त्या वर्षी कुणालाही इजा झाली नाही.

माझा बदल मी त्या खुल्या सिस्टीमच्या लोकांना पाठवला होता. तिथं असे बदल एक अनुभवी माणूस तपासतो, आणि पटला तरच तो सगळ्यांसाठी घेतला जातो. आमच्या ऑफिसातून तोवर कुणी काही पाठवलं नव्हतं. इंग्रजीत पत्र लिहिताना मी आठवेळा खोडलं. त्यात मी बिबट्याचं लिहिलं नाही. फक्त प्रयोग, स्ट्रक्चर आणि ते एक बिट. तीन आठवडे काहीच नाही. मग एक प्रश्न आला, मग दुसरा, दोन्ही अवघड, आणि दुसऱ्याचं उत्तर देताना मला माझ्याच कोडात एक सुधारणा सापडली. मी ती करून पाठवली आणि पुन्हा शांतता.

उत्तर आलं तेव्हा मी कोरेगाव भीमाच्या पुलाजवळ ट्रॅफिकमध्ये अडकले होते. पुण्याहून एक पार्ट घेऊन परत येत होते. पुढं कंटेनर, मागं कंटेनर, इंजिनं बंद, लोक उतरून उभे. मी सहज फोन बघितला. तीन ओळींचं पत्र होतं. बदल घेतला आहे. ही चूक या भागात सुरुवातीपासून होती आणि इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आली नव्हती. तिसऱ्या ओळीत विचारलं होतं, मिररिंगचा हा भाग यापुढं सांभाळायला तुम्हाला आवडेल का?

मी स्कूटरवर बसल्या बसल्या किंचाळले. शेजारच्या कंटेनरचा ड्रायव्हर दचकून खिडकीतून वाकला. "क्या हुआ मॅडम? सब ठीक?"

"ठीक! बहुत ठीक!" मी म्हटलं. "मेरा कोड ले लिया!"

त्याला काहीच कळलं नसणार. पण त्यानं हसून अंगठा वर केला आणि केबिनमधून एक केळं काढून माझ्या हातात ठेवलं. मी ते तिथंच सोललं, एका हातानं खाल्लं आणि दुसऱ्या हातानं उत्तर लिहिलं. एकच शब्द, होकाराचा. पुढची गाडी हलली तरी माझं लिहिणं संपलं नव्हतं, कारण तो एक शब्दही मी तीनदा चुकीचा टाईप केला.